साहेबांना मारायला कोणी येईना

मी बुलेटप्रूफ बंडी बोलतेय. आधीच सांगते, मी जरा बावळटच. एका माणसाचा जीव माझ्यावर अवलंबून आहे असं समजून मी वर्षानुवर्षं श्वास रोखून बसले. आणि गोळी आली ती फक्त ॲसिडिटीची, शर्टाच्या खिशात.

कारखान्यात माझ्यावर थर चढवले, आत पोलादी पत्रे घातले. माझ्या बहिणी सीमेवर गेल्या. मी गेले साहेबांकडे. साहेब म्हणजे गावचे माजी नगराध्यक्ष. कधीकाळी कोणीतरी धमकी दिली होती, तेव्हापासून दारात दोन पोलीस आणि अंगात मी. पत्रे काही पोटाबरोबर वाढत नाहीत. त्यामुळे मी छाती झाकायचे, बाकीचे साहेब दोन्ही बाजूंनी उघडेच. फोटोत मात्र शर्टाखाली मी दिसलेच पाहिजे! घरी आले की सोफ्यावर फेकायचे. मग वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला गच्चीत उन्हात टाकायच्या आणि गप्पा मारायच्या. घरात त्यांचं ऐकणारी मी एकटीच.

माझ्या नावाला मात्र भलताच मान. साहेबांचं उत्तर बुलेटप्रूफ, बहाणा बुलेटप्रूफ. ऐकलं की मी फुगायचे. एकदा नवा रस्ता खचला, लोक दारात येऊन नाही नाही ते बोलून गेले. साहेब हसत चहा पीत राहिले. काही म्हणून आत गेलं नाही. आणि मी तर तेव्हा गच्चीत वाळत होते!

मग एक दिवस इन्स्पेक्टर आले. "साहेब, बंदोबस्त काढायचा विचार आहे. तुम्हाला धोका नेमका कोणाकडून?"

साहेबांचा चेहरा पडला. पोलीस गेले, मी गेले, तर मग उरलं काय? "शत्रू खूप आहेत हो!"

"एक नाव सांगा."

साहेब आठवत राहिले. एकाशी समेट झालेला, दुसरा व्याही झालेला. "उद्या सांगतो," म्हणाले.

इन्स्पेक्टर गेल्यावर त्यांनी मेव्हण्याला गाठलं. "उद्या ते इथे असताना फोन कर. आवाज जाड काढ. प्लॅन एकदम बुलेटप्रूफ आहे." मी पुन्हा फुगले.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर चहा घेत बसले असताना फोन वाजला. उचलला नेमका वहिनींनी.

"स्पीकरवर लाव!" साहेब ओरडले. "ऐकू दे यांनाही!"

"तुझ्या नवऱ्याला गोळ्या घालणार! छातीत!"

"ठोंब्या," वहिनी म्हणाल्या, "माझा कुकर कधी आणून देतोयस?"

पलीकडचा जाडपणा गळाला. मग बारीक आवाज आला, "ताई, शिट्टी बसवायला टाकलाय."

इन्स्पेक्टरांनी कप खाली ठेवला. "साहेब, धोका आहे हे खरं. पण तो आमच्या अखत्यारीत येत नाही."

ते गेले. साहेब भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "मला मारावंसं एकालाही वाटू नये?" डोळ्यांत खरंखुरं पाणी. मी अंगात होते हो, तरी लागलं.

आज वहिनी मला पोत्यात भरतायत, परत पाठवायला. पोलिसांच्या स्टोअरवाल्यांना एवढंच सांगणं, आता मला अशा कोणाला द्या ज्याला खरंच गोळीपुढे उभं राहावं लागतं. कॅमेऱ्यापुढे उभी राहून माझे पत्रे विटले.

पण माया असतेच ना. न राहवून म्हटलं, "वहिनी, साहेबांना असं उघड्यावर टाकून जाताना जीव तुटतोय. आता कसं व्हायचं त्यांचं?"

वहिनींनी पोत्याचं तोंड बांधलं. "बनियन धुऊन ठेवलंय," म्हणाल्या.