हुकावरची काकडी

गरुडाला खाली उतरायचा मनापासून कंटाळा होता. हे नाव त्याला साइटवरच्या लोकांनी ठेवलं होतं, कारण तो टॉवर क्रेन चालवायचा आणि सकाळी एकदा शिडी चढून वरच्या केबिनमध्ये जाऊन बसला की संध्याकाळपर्यंत कुणाच्या बापाच्या हाती लागायचा नाही. बाकी त्याच्यात गरुडासारखं काहीच नव्हतं. एवढं पोट खऱ्या गरुडाला असतं, तर त्याने उडण्याचा नाद सोडून झाडाखाली पथारी पसरली असती.

जेवणाची सोय त्याने स्वतःच्या डोक्याने केली होती, आणि खाण्याच्या बाबतीत ते डोकं फार तल्लख चालायचं. खाली हुकाला माल बांधायचं काम त्याच्या मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाकडे होतं. दुपार झाली की मेहुणा कोपऱ्यावरच्या दुकानातून तळलेलं चिकन, बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि गोड थंड पेयाची मोठी बाटली आणायचा आणि पिशवी हुकाला अडकवायचा. मग टनावारी लोखंड उचलणारं ते धूड कोंबडीची तंगडी घेऊन डौलात वर यायचं. गरुड हात लांब करून पिशवी आत ओढायचा, फोडींवर आणखी थोडं मीठ भुरभुरायचा, सगळं फस्त करायचा, वर एक सिगारेट ओढायचा आणि त्याच खुर्चीत बसून पुढचा माल उचलायचा. वरच्या बाकीच्या सोयींबद्दल न विचारलेलंच बरं.

सगळं असं छान चाललं असताना वर्षाची तपासणी आली. क्रेन चालवणाऱ्याला डॉक्टरची सही लागते. सही करणाऱ्या डॉक्टरबाई चणीने अगदी बारक्या होत्या, पण त्यांनी दंडाला पट्टा आवळून रक्तदाब बघितला आणि त्यांच्या भुवया केसांत जाऊन बसल्या.

"वडील आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाहीत. छातीत कळ आली आणि गेले."

"वय काय होतं त्यांचं?"

"माझ्याएवढंच. म्हणजे मला पुढच्या वर्षी लागेल ते," गरुड म्हणाला. जसं काही मधलं वर्ष म्हणजे एक अख्खं युगच होतं.

"आणि तुम्ही रोज तळलेलं खाता, वरून मीठ घेता, सिगारेट ओढता आणि दिवसभर बसून असता."

"बसून नाही हो, उंचावर असतो," गरुडाने त्यांना समजावलं. "वर हवा चांगली असते. चरबी धरत नाही."

"उंचावर बसून असता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे बघा, वडिलांचं तसं झालंय, ते आपण बदलू शकत नाही. बाकीचं सगळं बदलू शकतो. गोळी देते, ती घ्यायची. तीन महिन्यांनी परत या. रक्तदाब उतरला नसेल तर मी सही करणार नाही. मग क्रेन विसरायची."

क्रेन विसरायची म्हणजे गेटवर उभं राहून ट्रकना झेंडी दाखवायची. त्याचं त्या केबिनवर प्रेम होतं, यात काही लाजायचं कारण नाही. सगळ्या जगात तेवढी एकच जागा अशी होती, जिथे त्याला कुणी 'जरा सरका' म्हणत नव्हतं.

घरी त्याने ही बातमी जमेल तेवढी पातळ करून सांगितली. रात्रीच्या जेवणात मीठ नव्हतं आणि मिठाची बरणी घरात कुठेच नव्हती. त्याने वॉशिंग मशीनमध्येसुद्धा बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, 'शेवटचं एकदा' असं स्वतःला बजावून त्याने नेहमीची पिशवी मागवली. ती निम्म्यावर आली असेल नसेल, तोच फोन वाजला. त्याची बायको साइटच्या समोरच, चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायचं काम करायची. इतकी वर्षं ही गोष्ट गरुडाला सोयीची वाटत आली होती.

"अहो, आत्ता माझ्या खिडकीसमोरून काय वर गेलं?"

"नट-बोल्ट."

"नट-बोल्टांच्या पिशवीला तेल सुटलंय."

"ग्रीस लावलंय त्यांना."

"ग्रीसचा एवढा खमंग वास येतो? इथे खुर्चीतला पेशंट आ वासून बसलाय, त्याच्या तोंडाला पाणी सुटलंय. डॉक्टरांना काम करता येईना!"

फोन ठेवून ती तरातरा खाली आली. ताईला रस्ता ओलांडताना बघूनच मेहुण्याची पाचावर धारण बसली आणि तिने एक शब्द विचारायच्या आत त्याने सगळं ओकून टाकलं. त्या दिवसापासून हुकाचा ताबा तिच्याकडे गेला. दुपारी हुकाला फक्त तिचा डबा लागायचा. उकडलेल्या भाज्या, कोरडी पोळी, गाजर आणि काकडी. डबा तिने मुद्दाम आरपार दिसणारा घेतला होता. आत काही लपवायची सोयच ठेवली नव्हती.

त्याचा भलताच परिणाम झाला. समोरच्या बसस्टॉपवर ताटकळणाऱ्या लोकांना करमणूक हवीच असते. रोज दुपारी आभाळात एक काकडी सावकाश वर चढते, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

"आज गाजर पण आहे हो!"

"काल नुसतीच काकडी होती बिचाऱ्याला."

"कुणाचं पथ्य चाललंय?"

"ते वर बसलंय ना, त्याचं."

एक अनोळखी आजी तर तोंडाशी हात धरून वर ओरडायच्या, "सगळं संपवायचं हं!" ज्याला उभ्या आयुष्यात खालून कुणी बोललं नव्हतं, त्या गरुडाची अब्रू अशी रोज हुकाला टांगली जाऊ लागली.

काकड्या तो कबुतरांना घालायचा. चार दिवसांनी कबुतरांनीही यायचं सोडलं.

आणि मग एका दुपारी वारा नेमका दुकानाकडून आला. तळणीचा तो वास केबिनमध्ये शिरला आणि गरुडाच्या पोटातले कावळे एकदम कोकलायला लागले. त्याने खाली बघितलं, समोर बघितलं. या वेळी दवाखान्यात पेशंटची गर्दी असते, बायकोला मान वर करायला फुरसत नसते, असा त्याने हिशेब केला. जे त्याने नोकरीला लागल्यापासून कधी केलं नव्हतं, ते त्याने केलं. भर दुपारी तो शिडी उतरला.

दुकानात उभ्या उभ्या त्याने चिकन असं चेपलं की दुकानदारही बघत राहिला. पण खाली येणं सोपं असतं. भरल्या पोटाने परत चढताना, शिडीच्या मध्यावर टेकायला असलेल्या फळीवर त्याचं घोडं अडलं ते अडलंच. छातीचा भाता झाला, आणि तो पोत्यासारखा तिथेच बसला. खाली सगळं काम खोळंबलं. वॉकीटॉकी खरखरली.

"भाऊजी, कुठे आहात?" मेहुणा विचारत होता.

"मधे."

"मधे म्हणजे?"

"मधे म्हणजे मधे! वरही नाही आणि खालीही नाही!"

शहाण्या माणसाने तिथे कानाला खडा लावला असता. गरुडाने नुसती पद्धत बदलली. आता तो खाली चार घासच खायचा, कारण जास्त खाल्लं की शिडी चढवत नव्हती, आणि उरलेलं पिशवीत घालून वर न्यायचा. सिगारेट ओढून चढलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, म्हणून शिव्या घालत का होईना, त्याने सिगारेट सोडली. डॉक्टरबाईंच्या सांगण्याने जे झालं नसतं, ते एका तंगडीच्या ओढीने झालं. हळूहळू तो मधल्या फळीवर न बसता नुसता टेकायला लागला, मग घाम पुसण्यापुरता थांबायला लागला. पॅन्ट कमरेवरून घसरायला लागली. बायको समाधानाने म्हणायची, "बघा, काकडीचा गुण!" आणि गरुड मान खाली घालून म्हणायचा, "तर काय."

तपासणीच्या दिवशी बायको सोबत आली. डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. वजन बघितलं. छाती ऐकली. रक्ताचा रिपोर्ट चाळला. गरुडाचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "रक्तदाब बराच उतरलाय. दम सुधारलाय. रोज चांगला व्यायाम चाललेला दिसतोय."

गरुडाने बायकोकडे असं बघितलं, जसं काही हे सगळं त्याने एकट्याने करून दाखवलं होतं.

"पण रक्तातली चरबी होती तिथेच आहे," त्या पुढे म्हणाल्या. "पाय सुधारले, तोंड सुधारलेलं नाही. काय खाता दुपारी?"

"काकडी," गरुड म्हणाला.

"काकडीने हे होत नाही."

गरुड छताकडे बघायला लागला.

"तळलेलं चिकन खातात," बायको म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानातलं. स्वतः उतरून जातात."

गरुडाचा चेहरा खाडकन उतरला. "तुला माहीत होतं?"

"अख्ख्या रस्त्याला माहीत आहे! शिडीवरचा माणूस कुणाला दिसत नाही? आकाशात लपता येतं असं वाटलं का तुम्हाला?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? हुक बंद केला तर तुम्ही पायांनी उतरलात. दुकान बंद केलं असतं तर परत खुर्चीत बसला असतात. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, नीट खा आणि हातपाय हलवा. दोन्ही मिळेनात, म्हणून मी एकावर समाधान मानून गप्प बसले." ती डॉक्टरबाईंकडे वळली. "पण हे एका हाताने चढतात हो! दुसऱ्या हातात ती पिशवी! माझ्याने बघवत नाही. मी डोळे गच्च मिटून घेते आणि आमचे दातांचे डॉक्टर खिडकीत उभे राहून मला सांगतात. निम्मे आले. थांबले. घाम पुसतायत. निघाले. पोचले हो बाई, पोचले. खुर्चीतला पेशंट तोवर तसाच आ वासून! दुपारचा एक दात निघालेला नाही आमच्याकडे इतक्या दिवसांत!"

डॉक्टरबाईंनी हसू दाबायला टेबलाच्या खणात काहीतरी शोधल्यासारखं केलं. पण बायकोला हसू येत नव्हतं.

"सासूबाई मला सांगायच्या," ती म्हणाली. "सासरे गेले तेव्हा त्या पलीकडच्या खोलीत होत्या. त्यांना कळलंच नाही. मी म्हटलं, निदान मी बघत तरी राहीन. तर मला तेवढंही जमेना. रोज डोळे मिटते मी."

इतके दिवस तो धरून चालला होता की यात पणाला लागलीय ती फक्त आपली क्रेन. त्याला स्वतःची अशी लाज आजवर कधी वाटली नव्हती. पिशवी हातात धरून शिडी चढताना आपण कसे दिसत असू, हे त्याला आज पहिल्यांदा, समोरच्या चौथ्या मजल्यावरून दिसलं.

"सही करते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पुढच्या तीन महिन्यांपुरतीच. गोळी चालू, शिडी चालू, दुकान बंद."

"मग मी खाली उतरू कशाला?" गरुडाने विचारलं. त्याने हे अगदी मनापासून विचारलं होतं, त्याला खरंच कळत नव्हतं.

डॉक्टरबाई रक्तवाहिन्यांबद्दल काही सांगायला लागल्या, पण बायकोने त्यांना मधेच तोडलं.

"माझ्याबरोबर जेवायला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुक रिकामाच राहिला. बसस्टॉपवरचे लोक वर बघून बघून माना दुखवून घेत होते, तेवढ्यात त्यांना गरुडच शिडी उतरताना दिसला. गेटच्या आत विटांच्या ढिगाऱ्यावर त्याची बायको बसली होती. साइटवरचं पिवळं हेल्मेट तिच्या डोक्यावर इतकं मोठं झालं होतं की ते सारखं नाकावर घसरत होतं. थोड्या अंतरावर मेहुणाही काकडी चावत बसला होता. गरुडाचं पथ्य ताईने आता सगळ्या घराला लागू केलं होतं.

"खालची काकडी वरच्यापेक्षा बरी लागते," गरुड बायकोला खूश करायला म्हणाला.

"एकाच काकडीचे दोन तुकडे आहेत," ती म्हणाली. "उगाच गोड बोलू नका. भाजी संपवा."

त्याने भाजी संपवली. मीठ मागावंसं वाटलं, पण मागितलं नाही. समोर दुकानदार तयार पिशवी हातात घेऊन दारात उभा होता. गरुडाने तिकडे एकदा बघितलं, आवंढा गिळला आणि पाठ फिरवली. मग हात पुसून तो शिडीशी गेला आणि चढायला लागला. हातात काही नव्हतं, त्यामुळे दोन्ही हात शिडीला होते.

तो मधल्या फळीशी पोचला, तेव्हा चौथ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर सवयीने खिडकीत आले आणि खाली वाकून जोरात ओरडले, "निम्मे आले हो बाई!"

तिने नाकावरचं हेल्मेट मागे सारलं. "दिसतंय मला," ती म्हणाली.