काळानाचं राज्य

जगात सजीवांचे प्रकार दोनच, वनस्पती आणि प्राणी. तिसरा असता तर एकतीस वर्षांत आपल्या वर्गात एकदा तरी हजेरी लावून गेला असता, असं तंजावुरचे निवृत्त जीवशास्त्र-शिक्षक तुळजारामरावांनी जाहीर केलं. त्यावर त्यांच्या पत्नीने, चंद्रमतींनी, परसातल्या पडवीकडे बोट दाखवून विचारलं, "मग हे कोण?"

पडवीत सून विनुताने भाताच्या पेंढ्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टांगल्या होत्या, आणि त्यांतून पांढरे कान बाहेर डोकावत होते. काळान, म्हणजे इथल्या तमिळमध्ये अळंबी. साल चौऱ्याण्णव. बसस्टँडजवळच्या नव्या हॉटेलात लोक सूपमध्ये हे मागू लागले होते, आणि विनुताला पहिल्यांदाच स्वतःचं असं काही सुरू करायचं होतं. जागा मात्र ही एकच, आणि तिथे हुकूम चंद्रमतींचा. भाजी असेल तर राहील, मांस असेल तर आजच रस्त्यावर. कोण ते मास्तरांनी सांगायचं.

मास्तरांनी पाहिलं. पान नाही, फूल नाही, ऊनही नको, वनस्पती म्हणवेना. पळत नाही, चावत नाही, प्राणी म्हणवेना. शेवटी शेजारच्या अखिलाचं अकरावीचं नवं पुस्तक मागून आणलं, तर त्यात चक्क पाच ‘किंग्डम’. आधी ते पुस्तकावर रागावले, मग दुपारभर त्यातून मान वर काढेनात. तिकडे विनुता, आता काढाव्याच लागणार असं धरून, पिशव्यांच्या गाठी सोडू लागली होती.

भाजी आहे म्हटलं असतं की मिटलं असतं. पण खोटं उत्तर मास्तरांच्या तोंडून निघेना. महाराष्ट्रात ‘किंग्डम’ला सृष्टी म्हणतात, हे तंजावुरात त्यांना कुणी कळवलं नव्हतं, म्हणून त्यांनी शब्दाचा सरळ अर्थ लावला.

"भाजी नव्हे, मांसही नव्हे," ते म्हणाले. "ह्याचं वेगळं राज्य आहे."

चंद्रमतींचे पूर्वज इथल्या मराठा राजांच्या राजवाड्यात अत्तरदाणी सांभाळत. राज्य बुडून एकशे चाळीस वर्षं होत आली, तरी तो शब्द त्यांच्यापुढे कुणी उगाच काढत नसे.

"स्वतःचं?"

"स्वतःचं. कुणाचं मांडलिक नाही."

चंद्रमती पिशव्यांच्या जवळ गेल्या. "आमचं गेलं. ह्याचं टिकलं." मग म्हणाल्या की राज्यवाल्या पाहुण्याला रस्त्यावर काढणं आपल्या घराण्यात बसत नाही, कढई वेगळी, सुरी वेगळी, राहू दे.

विनुताने सोडलेल्या गाठी पुन्हा बांधल्या, या खेपेला दुहेरी.

"फक्त राजेसाहेबांना सांग," सासूबाई बादली उचलत म्हणाल्या, "जरा पलीकडे सरका. माझं सोवळ्याचं लुगडं वाळत घालायचंय."