चण्याभोवतीची तार

लोकेश, म्हणजे माझा नवरा, भद्रावतीला अकरावीच्या पोरांना इतिहास शिकवतो. इंग्लंडचा धडा आला की त्याला भरून येतं. तिकडे जमीनदारांनी गावाच्या मोकळ्या रानाला कुंपणं घातली, शलगम पेरून, पीक बदलून उत्पन्न वाढवलं, आणि त्या रानावर जगणारी गरीब माणसं देशोधडीला लागली. हे तो मला स्वयंपाकघरातही शिकवतो.

आणि याच शहाण्याने यंदा आमच्या बांधीला, धानाच्या शेताला, काटेरी तार ठोकली! धान निघाल्यावर त्याला चणा घ्यायचा होता. हौस चांगली, माझं काही म्हणणं नव्हतं. पण आमच्या गावात धान खळ्यावर गेला की सगळ्यांची शेतं सगळ्यांच्या ढोरांना मोकळी होतात, आणि पहिला पाय पडतो तो आमच्या बांधीत. त्याआधी कोणी आपलं शेत उघडत नाही. मी सांगून सांगून थकले. "तो जमाना गेला," म्हणे.

कोणी भांडायला आलं नाही. गाव नुसतं थांबलं. सोमारीकाकी गावाची ढोरं चारते. तिला स्वतःची जमीन नाही. शेतं बंद, म्हणून ती ढोरं जंगलात नेऊ लागली. मंगळवारी तिच्यासमोर वाघाने गोऱ्हा उचलला. काकी थोडक्यात वाचली.

लोकेश धावतच तिच्याकडे गेला, मागोमाग मी.

"काकी, दुसऱ्याच्या बांधीत काऊन नाई नेली ढोरं?"

"पयले तुमची उघडते ना बाबू. तुया बापाच्या बापापासून."

तो घरी आला, पक्कड घेतली आणि एका बाजूची तार तोडून टाकली. हात रक्ताळले तरी थांबला नाही. मला त्याचा राग होता, तरी त्या घडीला त्याची दयाच आली.

काकी ढोरं घेऊन आली. वीतभर चणा पाहून ती काठी आडवी धरून उभी राहिली. एका म्हाताऱ्या गाईला तिने तेवढं कोपऱ्यात आत घेतलं, चार पावलं चालवलं आणि बाहेर काढलं. झाली बांधी उघडी. बाकीचा कळप तिने शेजारच्या धसकटांत वळवला. चण्याचं एक रोपही तुटलं नाही.

मग ती लोकेशकडे वळली.

"तुले चना पायजे होता त मले सांगाचं होतं. असाच राखला असता. एवढ्यासाठी आमाले वाघाकडे धाडलं काय रे?"