चिन्हाखालची रेघ

पोलादपूरच्या मैदानाकडेला, दुकानातून आणलेल्या वजनकाट्यावर अक्षदा श्वास रोखून उभी होती. आकडा आला. बरोब्बर अठ्ठेचाळीस.

"बाद," महादूकाका म्हणाले. मुलींच्या कबड्डी स्पर्धेची वजनं तेच घेत होते. "कागदावर हाय ना? वजन < ४८. म्हणजे अठ्ठेचाळीसच्या आतच पायजे."

"थुंकून ये गो, शंभर ग्रॅम तरी उतरंल!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. सगळ्या हसल्या. अक्षदा तेवढी हसली नाही. सकाळपासून ती उपाशी होती, कानातलीसुद्धा काढून ठेवली होती. पुढच्या वर्षी तिचं वय या स्पर्धेत बसणार नव्हतं.

अक्षदाच्या उमरठ संघाची कप्तान सेजल मात्र गार पडली. तो कागद तिनेच टाईप केला होता, आईच्या मोबाईलवर. नियम हाताने लिहून दिले होते महाडच्या चिंतामणी गुरुजींनी. मूळ कागद अजून तिच्या दप्तरात होता. तिने तो काढला. तिथे < च्या खाली एक रेघ होती. गुरुजी महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारत. सेजलला वाटलं होतं, ही त्यातलीच. मोबाईलवर तसं चिन्ह काही दिसेना, म्हणून तिने रेघ गाळून ४८ ठळक केले होते.

पण गुरुजींच्या रेघा लाल असत. ही निळी होती.

ती मांडवात बसलेल्या गुरुजींकडे धावली. "गुरुजी, ही रेघ कसली?"

गुरुजींनी चष्मा नाकावर सरकवला. "आईने सांगितलं, डब्यात मावतील तेवढे तांदूळ भर. काठोकाठ भरलेला डबा चालेल का?"

"चालेल की."

"तो काठ म्हणजे ही रेघ. बरोबरच्या चिन्हातली एक इथे आणून बसवली आहे. अठ्ठेचाळीसहून कमी, किंवा बरोबर अठ्ठेचाळीस."

"मग चूक माझी हाय."

"निम्मी माझी. रेघा मारायची खोड माझीच. पण महादूला सांगायचं मात्र तू."

महादूकाकांनी भुवया चढवल्या. "काय गो, आपल्या मुलीसाठी नियम बदलतेस होय?"

"बदलत नाय. बैठकीत ठरला तो दाखवते. खाली तुमचीबी सही हाय."

काकांनी कागद उन्हाकडे धरला, सही पाहिली आणि मान खाजवली. "हायच की रे... घ्या मग हिला आत."

सेजल तिथून हलली नाही. "काका, सव गावच्या संघातली ती इरावती? तिलाबी सकाळी अठ्ठेचाळीसवरच बाद केलीत."

अक्षदाने तिला जोरात चिमटा काढला. "गप ना गो! तिच्या चढाईला थांबवणार कोण?"

"तू," सेजल म्हणाली.

इरावती एसटीची वाट पाहत फाट्यावर बसली होती. तिला आणायला एक मोटारसायकल सुटली. तोवर गुरुजींनी सेजलला मोबाईल काढायला लावला. "< वर बोट दाबून धर. सोडू नकोस."

तिने धरलं. वर छोटी चौकट उघडली आणि तिच्यात ते बसलं होतं: ≤.

"इतकं जवळ होतं?"

"विचारलं असतंस तर त्याच दिवशी सापडलं असतं. पुढच्या वेळी विचार."

वजन ≤ ४८. सेजलने दोनदा वाचलं आणि सगळ्या संघांना पाठवलं. मागे अक्षदा मांडीवर डबा उघडून भाकरी खात होती, आणि फाट्याकडून मोटारसायकलचा आवाज जवळ येत होता.