मुकादमाच्या नंबरावरचा कप्पा

मी एक जुनी जावा सेवा आहे, मित्रांनो. सेवा म्हणजे पाय चेपणारी नव्हे. आष्टीच्या एका लहानशा दवाखान्यात औषधांच्या कपाटाशेजारी संगणक आहे, त्यात मी राहते. जावा ही संगणकाला काम सांगायची भाषा. फोनवरून कोणी हाक मारली की मी ओ देते आणि सांगितलेले काम करते. अशा हाकेला आमच्यात कॉल म्हणतात.

दिंद्रुडच्या ऋतुजाने मला लिहिले, त्याला आता सात वर्षे झाली. ऊसतोडीला टोळ्या निघण्याआधी त्यांतल्या बायांची तपासणी व्हावी, म्हणून मी जन्मले. काम चार पायऱ्यांचे. आधी नाव, मग रक्ताची तपासणी, मग डॉक्टरांचा सल्ला आणि शेवटी कार्ड. कारखान्याच्या गावी बाई आजारी पडली, तर तिथल्या डॉक्टरांना या कार्डावरून सगळे कळावे, असा हेतू होता.

पण माझ्यात एक खोड होती. एका कॉलचे काम झाले की मी सारे विसरत असे. नाव सांगून रक्ताच्या पायरीवर यावे, तर मी पुन्हा विचारायची, तुम्ही कोण? गावोगाव आरोग्याचे काम बघणाऱ्या आशा कार्यकर्त्या मनिषाताई कपाळावर हात मारायच्या. “कावून सारखं सारखं नाव इचारतंय गं हे? ह्याला लगीन जमवायचंय का कुनाचं?” सगळा व्हरांडा हसायचा. मला लाज वाटायची, पण करणार काय? माझी जातकुळीच तशी.

ऋतुजाने मला आठवण दिली. दर मोबाइल नंबराचा एक कप्पा. नाव आले की त्या नंबराच्या कप्प्यात ठेवायचे, पुढचा कॉल आला की तोच कप्पा उघडायचा. पहिल्यांदा हे कप्पे नुसते माझ्या डोक्यात होते. एका दुपारी वीज गेली आणि परत आली तेव्हा मी कोरी पाटी! तेवीस बायांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. मग ऋतुजाने कप्पे डिस्कवर नेले, वीज गेली तरी पुसले जाणार नाहीत असे. त्या वर्षी सगळ्यांनी माझे कौतुक केले. डॉक्टरांनी तर माझ्या संगणकाला झेंडूचा हार घातला. मी फुगले, हे कबूल करते. गर्वाचे घर खाली म्हणतात ते उगाच नाही.

गेल्या वर्षी अंगद मुकादमाची टोळी तपासणीला आली. तुम्हाला टोळीची एक रीत सांगते. कारखान्याशी बोलणे, ट्रक, निरोप, सगळे मुकादमाच्या फोनवरून चालते. त्यामुळे हल्ली कुठेही नंबर विचारला की बाया मुकादमाचाच सांगतात. त्या दिवशी वीस बायांनी एकच नंबर सांगितला. मला त्यात काही वावगे वाटले नाही. नंबर एक, म्हणून कप्पा एक.

व्हरांड्यात दोन टेबले होती. एकावर मनिषाताई, दुसऱ्यावर नर्स सायली. सायलीने भिवराबाईंचे नाव पाठवले, ते मी कप्प्यात ठेवले. लगेच मनिषाताईंनी सुकन्याचे नाव पाठवले. सुकन्याला पाचवा महिना होता आणि तोडीची ही तिची पहिलीच खेप. आधीचे नाव चुकले असेल असे धरून मी ते पुसले आणि सुकन्याचे लिहिले. मग सुकन्याचे रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, आले सहा. पोटुशी बाईचे रक्त अकरा तरी हवे. सहावर उसाची मोळी उचलणे म्हणजे आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ. पण त्याच्या मागोमाग सायलीच्या टेबलावरून भिवराबाईंचे बारा आले आणि मी सहा पुसून बारा लिहिले. डॉक्टरांना मी तेच दाखवले. त्यांनी दुसऱ्या खोलीतून सल्ला पाठवला आणि मी सुकन्याच्या नावाने कार्ड छापले.

कार्डे मुकादमाने गोळा केली. ट्रक फाटकात उभा होता, संसाराची गाठोडी चढत होती. अंगद एकेक कार्ड मोठ्याने वाचू लागला. “सुकन्या. रक्त बारा. कामाला हरकत नाही. चला, बसा पोरींनो!”

मनिषाताई टेबल सोडून उठल्या. “थांबा! सहा भरलंय तिचं. म्या डोळ्यानं बघितलंय.”

“ताई, मशीन बारा म्हनतंय. मशीन खोटं बोलतंय व्हय?”

“मशीन काय बी म्हनू द्या. पोरीच्या पापन्या बघा, पांढऱ्याफट हायेत. ती ट्रकात चढनार न्हाई.”

त्यांनी सुकन्याला खाली बसवले, बोटाला पुन्हा सुई टोचली. सहाच. अंगद मुकादम काही वाईट माणूस नव्हता. सुकन्याचे गाठोडे त्याने स्वतः खाली उतरवले. मित्रांनो, त्या वेळी मला वाटले, मी विसरत होते तेच बरे होते. विसरणारी नुसता त्रास देते. मी तर एकीची आठवण दुसरीला देऊन बसले होते.

ऋतुजा त्या दिवशी दवाखान्यातच होती, ती धावत आली, कप्पे उघडून बघू लागली. “एका नंबरावर एकच माणूस असं मी धरलं होतं. चूक माझी आहे,” ती म्हणाली.

सुकन्याचे सासरे म्हाळूबाबा तिथेच उकिडवे बसले होते. ते शेरडे राखतात. त्यांनी विचारले, “पोरी, माझी साठ शेरडं हायेत. समद्यांचा मालक म्या एकटा. म्हनून काय साठ मिळून एक शेरडू झालं व्हय? ज्याच्या त्याच्या कानाला ज्याची त्याची खूण असती.”

ऋतुजा तिथेच खाली बसून लिहू लागली. पहिल्या कॉललाच मी आता दर बाईला तिची स्वतःची खूण देते, अक्षरे आणि आकड्यांची, दुसऱ्या कोणालाही न मिळणारी. पुढच्या प्रत्येक कॉलला ती खूण आली तरच कप्पा उघडतो. ती आधी बाईच्या हातातल्या चिठ्ठीवर असते, मग कार्डावरही छापते. खूण नसेल तर मी अंदाज करत नाही, सरळ नाही म्हणते. मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. त्या दिवशी ऋतुजाने वीसही बायांची तपासणी पुन्हा करून घेतली आणि ट्रक दोन तास उशिरा सुटला.

सुकन्या सासऱ्यांजवळ राहिली. तिला रक्त चढवले, सुया दिल्या. फाल्गुनात मुलगी झाली. बाळाच्या नोंदीत मोबाइल नंबर पुन्हा अंगद मुकादमाचाच! मी मनात हसले आणि बाळाला तिची वेगळी खूण दिली.

आता माझ्या जागी नवी सेवा येणार आहे. गुढीपाडव्याला मला बंद करणार, असे ठरले आहे. झेंडूचा हार कधीच सुकला, संगणकावर धूळ असते. मला त्याचे दुःख नाही. पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले कोणी ऋतुजासारखे माझ्या भाईबंदांना लिहाल. तेव्हा एवढे करा. जुनीला बंद करण्याआधी तिचे कप्पे खुणांसकट नवीकडे सोपवा. अर्धे राहिलेले तर आधी सोपवा.

कारण एक कप्पा अजून अर्धा आहे. सुकन्याचे रक्त नऊवर आले आहे, शेवटची तपासणी राहिली आहे. यंदा ती लेकीला घेऊन टोळीबरोबर गेली, पाडव्याच्या सुमारास परतेल. तो कप्पा नवीच्या हाती पडल्याशिवाय मी बंद होणार नाही, हे मी ऋतुजाला रोजच्या अहवालात पहिल्याच ओळीत लिहून पाठवते. सुकन्या परत येईल तेव्हा उत्तर मी देईन किंवा नवी देईल. पण तुम्ही कोण, असे तिला कोणी विचारणार नाही.