टाकीच्या बुडातलं पाणी

ढोकीच्या गॅरेजात माझ्या टाकीवर, एका पान्याखाली, एक पोस्टकार्ड एकोणीस दिवस पडून होतं. ते तात्यारावांना आलेलं होतं. रोज दुपारी ते पाना उचलायचे, कार्ड वाचायचे आणि पुन्हा तसंच ठेवून द्यायचे. उत्तर काही लिहायचे नाहीत. कार्डात माझ्याबद्दल एकच प्रश्न होता. त्याचं उत्तर मला पक्कं ठाऊक होतं, पण मला कोण विचारतो?

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्रेसर आहे, म्हणजे टायरमध्ये हवा भरायचं यंत्र. आपली कहाणी शांतपणे सांगावी असं म्हणतात. मला ते जमेल असं वाटत नाही, कारण मी चिडलेलो आहे.

वर माझी मोटर. तिला पट्ट्याने जोडलेला पंप. खाली आडवी लोखंडी टाकी. पंप बाहेरची हवा ओढतो आणि टाकीत कोंबतो. कोंबलेल्या हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि ते टाकीच्या बुडाशी साचतं. म्हणून बुडाला एक छोटी चावी असते. रोज काम संपलं की ती उघडायची, पाणी जाऊ द्यायचं, पुन्हा बंद करायची. अर्धं मिनिट लागतं. आणि माथ्यावर असतो पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह. आतला दाब फार वाढला की तो आपोआप उघडतो आणि फुस्स करून जादा हवा सोडून देतो. टाकी फुटण्याआधी ओरडून सांगायला मला तेवढं एकच तोंड आहे.

कोइमतूरच्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि ट्रकमधून इथे आलो. तेव्हा तात्यारावांचे केस काळे होते. गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची रांग आमच्या दारापर्यंत यायची. पहाटेपासून मी धडधडत असायचो. ट्रॅक्टरवाले म्हणायचे, "तात्याची हवा एकदा भरली की हंगामभर बघायला नको." तात्याराव यावर काही बोलत नसत. ते फार लाजाळू. गिऱ्हाइकाला मानेनेच हो-नाही सांगायचे, आणि काम नसलं की बाकावर बसून मासिकं वाचायचे. स्वतःच्या हातांवर त्यांचा भरवसा नव्हता. एकच नट तीनदा आवळून बघायचे. बुडाची चावी बंद केली की दोन पावलं जाऊन परत यायचे आणि पुन्हा हात लावायचे. त्यांच्या या संशयामुळेच मी वीस वर्षं ठणठणीत राहिलो.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दुकान पुतण्याकडे, युवराजकडे गेलं. युवराज चपळ, गोड बोलणारा. त्याच्याकडे सगळ्यांसाठी वेळ होता, माझ्यासाठी अर्धं मिनिट नव्हतं. पाणी साचत राहिलं. आतून गंज चढत गेला. मग मोटर आपोआप बंद करणारा स्विच बिघडला. दाब वाढायचा, व्हॉल्व्ह ओरडायचा. युवराजने स्विच बदलला नाही; आठवलं की हातानेच मोटर बंद करायचा. त्याने व्हॉल्व्हच काढला आणि त्या भोकात बोल्ट ठोकून बसवला. वर टेप गुंडाळली, म्हणजे थेंबभरही हवा निसटायला नको. माझं एकुलतं तोंड त्याने शिवून टाकलं!

तात्याराव तेव्हा बाकावर भिंग धरून वाचत होते. फुसफुस थांबली हे त्यांच्या कानांना कळलं. त्यांनी मान वर केली.

"व्हॉल्व्ह..." एवढंच म्हणाले.

"नवा टाकलाय तात्या, लई भारीचा," युवराज म्हणाला.

तात्यारावांनी मान खाली घातली. आपल्यालाच नीट ऐकू येत नसेल असं त्यांना वाटलं असावं. उठून चार पावलं यायचं होतं हो! पण ते आले नाहीत. युवराजइतकाच मला त्यांचाही राग आला.

या वर्षी युवराजने नवं यंत्र घ्यायचं ठरवलं आणि मला विकायला काढलं. माझ्यावर निळाभोर रंग फासला. गंजाच्या फोडांवर रंग, बुडाच्या चावीवर रंग, टाकी बनल्याचं साल कोरलेल्या पट्टीवरही रंग.

मला बघायला ईट गावाहून बुद्धघोष आले. ते निवृत्त पोस्टमन. ढोकीला होते तेव्हा तात्यारावांची मासिकं तेच आणून देत. सोबत त्यांची मुलगी निकिता होती. ती आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचं काम शिकली होती आणि आता घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारसायकली दुरुस्त करायच्या म्हणत होती. पोरगी हुशार. आल्या आल्या खाली वाकली.

"ही चावी फिरत न्हाय, दादा."

"ती नुसती शोभेला असती ताई," युवराज हसून म्हणाला. "तुमी आवाज ऐका की. नवी नवरी बी एवढी गोड बोलत न्हाय."

निकिताने बापाकडे पाहिलं. बुद्धघोषांनी बाकाकडे पाहिलं, पण तात्याराव त्या दिवशी आले नव्हते. म्हणून चार दिवसांनी ते कार्ड आलं. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटलेला माणूस, त्याला पत्रच सुचणार. त्यात लिहिलं होतं: 'तात्याराव, यंत्रातलं मला कळत नाही. पोरगी दिवसभर याच्या शेजारी बसून काम करणार आहे. घेऊ की नको, एवढाच शब्द लिहा. तुमच्याकडून काही आलं नाही तर ठीक आहे असं समजून दिवाळीच्या पाडव्याला घेऊन जातो.'

वाचलंत ना, मित्रांनो? गप्प राहिलं की होकार! आणि गप्प राहण्यात तात्यारावांचा हात धरणारं ढोकीत कोणी नव्हतं.

त्यांच्या बायकोने, केशरबाईंनी, दोनदा टोकलं. "पुस्तकातली माणसं पानापानाला बोलतेत. तुमी कवा बोलणार?"

"दुकान युवराजचं हाय आता," तात्याराव पुटपुटायचे. "आन् म्या चुकत बी असंल."

असे एकोणीस दिवस गेले आणि खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी आमची पूजा असते. पाने, पकडी, हातोडे धुऊन पाटावर मांडतात आणि दिवसभर कोणी त्यांना हात लावत नाही. माझ्यासमोर रांगोळी काढली होती. युवराजने मोठ्या हौसेने झेंडूची माळ आणली आणि माथ्यावरच्या त्या बोल्टभोवती गुंडाळली. ज्या बोल्टाने माझं तोंड बंद केलं त्यालाच फुलं! असा संताप झाला की बोलायची सोय नाही.

"तात्या, कुंकू तुमच्या हातानं," तो म्हणाला.

तात्यारावांनी मोटरला बोट लावलं, पंपाला लावलं. मग जुन्या सवयीने खाली वाकले. शेवटचं कुंकू ते नेहमी बुडाच्या चावीला लावत. बोट वर आलं ते ओलं होतं. कुंकवाच्या लालीत तपकिरी चिखल मिसळला होता. त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. मग उठून माथ्यावरची माळ बाजूला केली.

"व्हॉल्व्ह कुठं हाय?"

"तात्या, सणाचं कशाला..."

"कुठं हाय?"

"लई बोंबलत व्हता, म्हणून बोल्ट मारला. दोन वर्सं चाललंय की. काय झालं का?"

"ती पोरगी शेजारी बसणार हाय."

"गिऱ्हाईक डोळ्यानं बघून घेतंय. आपण काय बळजबरी केली व्हय?"

तात्यारावांनी पाटावरची पकड उचलली.

"अवं, आज हत्यार उचलत न्हाईत!" केशरबाई ओरडल्या.

"मांडून ठेवलंय म्हणून तर हाताला लागलं," तात्याराव म्हणाले.

त्यांनी रंगाने चिकटलेली चावी ताकद लावून फिरवली. आधी नुसता सुस्कारा निघाला. मग पाणी आलं. जाड, तांबडं, घाण वासाचं. ते वाहतच राहिलं. रांगोळी गेली, तरी थांबेना. मग त्यांनी हातोडी घेतली आणि टाकीवर एका टोकापासून ठोकत आले. टण, टण, टण. बुडाशी आल्यावर आवाज बदलला. थप्. त्यांनी तिथेच जरा जोरात मारलं आणि हातोडीचं निमुळतं टोक पत्र्यातून आत गेलं.

"तात्या! वाटुळं केलं की!"

"वाटुळं आधीच झालं व्हतं," तात्याराव म्हणाले. "म्या उठून बघितलं न्हाय."

मित्रांनो, मला दुखलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकलं होतं. तुम्हालाही कधी कोणी जुनं यंत्र दाखवेल. त्याचा रंग बघू नका. खाली वाका, चावी उघडा, किती पाणी येतं ते बघा. चावी शोभेची आहे असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला वर्षातून एकदा फुलं नाही वाहिली तरी चालेल, रोजचं अर्धं मिनिट तेवढं द्या. पूजा करायची आणि पाणी काढायचं नाही, असल्या भक्तीची मला चीड आहे.

तात्याराव बाकावर बसले आणि त्यांनी कोरं पोस्टकार्ड काढलं.

"फोन लावा की सरळ," केशरबाई म्हणाल्या.

"त्यानं कागदावर इचारलंय. आन् फोन लागंपतुर माझं मन फिरंल."

लिहून झाल्यावर त्यांनी ते हळू आवाजात वाचलं. 'घेऊ नका. टाकी बुडातून कुजली आहे आणि व्हॉल्व्ह काढलेला आहे. मला शंका होती, तरी एकोणीस दिवस गप्प बसलो. निकिता खाली वाकली होती, असं युवराज हसून सांगत होता. तिला सांगा, तिचंच बरोबर होतं. माझी काही चूक होत असल्यास क्षमा असावी.'

"शेवटची वळ खोडा," केशरबाई म्हणाल्या.

तात्यारावांनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी ती ओळ खोडली. एकदा, दोनदा, तीनदा, नट आवळावा तशी.

रस्त्यापलीकडे, कडुलिंबाखाली, पोस्टाची लाल पेटी आहे. ती मला दारातून दिसते. एक ट्रॅक्टर जाऊ देऊन तात्याराव रस्ता ओलांडून गेले. कार्ड आत टाकलं. दोन पावलं परत आले, थांबले आणि पुन्हा मागे वळले. माझ्या टाकीतलं उरलंसुरलं पाणी थेंबथेंब गळत होतं. त्यांनी पेटीच्या फटीत बोटं घालून चाचपलं. कार्ड आत पडलं होतं.