अर्जाच्या तळाशी बसलेला प्रश्न

अहो, थांबा जरा! लगेच 'पुढे' दाबू नका. मी बोलतोय, नोकरीच्या अर्जातला सगळ्यात शेवटचा प्रश्न. नाव, शिक्षण, अनुभव असं सगळं भरून माणूस हुश्श करतो, तेवढ्यात मी समोर येतो. 'आपला धर्म व सामाजिक गट कोणता?' खाली पर्याय, आणि त्यात 'सांगायचं नाही' हासुद्धा एक. मला बघून आजवर कोणाला आनंद झालेला नाही.

माझा जन्म लोअर परळला झाला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. उंच टॉवरच्या लिफ्ट तपासणारी, दुरुस्त करणारी कंपनी आहे ती. भरतीचं काम बघणाऱ्या सुचित्रा मॅडमच्या लक्षात आलं, की दरवर्षी नवी पोरं येतात खरी, पण सगळी ओळखीपाळखीतून, एकाच गोतावळ्यातली. "अर्ज कोण करतं आणि आत कोण येतं, एवढे आकडे तरी कळू देत," त्या मीटिंगमध्ये म्हणाल्या.

"हे काय नवीन झेंगट?" मुख्य इंजिनिअर हितेंद्र सर म्हणाले. "लोक शिव्या घालतील."

घातल्या की! पोटभर खाल्ल्या. एकाने 'इतर'मध्ये लिहिलं, 'तुम्हाला काय करायचंय?' एकाने नुसतं 'मुंबईकर' लिहून विषय संपवला. ठाकूरद्वारच्या एक मावशी मुलाचा अर्ज भरत होत्या, त्यांनी कुलदैवत, गोत्र आणि मुलगा अजून बिनलग्नाचा आहे हेही लिहून टाकलं. माणसं मोठी गमतीची. भाजीवाल्याशी बोलता बोलता घरातलं सगळं सांगतील, आणि माझ्यापुढे आली की तोंडाला कुलूप.

मला त्याचा राग येत नाही हो. कुलूप का लागतं ते मला अक्षतामुळे कळलं.

अक्षता नांदिवडेकर. परळच्या चाळीतली, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली मुलगी. एका रविवारी सकाळी ती मोबाइलवर अर्ज भरत माझ्यापर्यंत आली आणि एकदम थबकली.

"घ्या! आता फॉर्मवरपण हेच," ती म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ संघर्ष चहा पीत बसला होता. "काय झालं गं ताई?"

तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. माझ्या खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, 'हे उत्तर निवड करणाऱ्यांना दिसणार नाही.' ती ओळ वाचून संघर्ष खो खो हसला. "आपल्या चाळीत सकाळी कोणाकडे सुकट भाजली ते दुपारपर्यंत चारही मजल्यांवर कळतं, आणि हे म्हणे कोणाला दिसणार नाही! गपचूप 'सांगायचं नाही' दाब आणि मोकळी हो."

अक्षता हसली नाही. मागच्या महिन्यात ती दादरच्या एका ऑफिसात मुलाखतीला गेली होती. तिथल्या साहेबांनी आडनाव वाचलं आणि ते खुलले. "म्हणजे रत्नागिरीकडच्या! वाडी कुठली?" आता कोकणातल्या 'कर' आडनावावरून फक्त गाव कळतं. माणूस कोणाचा ते कळायला वाडी विचारावी लागते, हे तिकडच्या सगळ्यांनाच ठाऊक. अक्षताने सरळ सांगितलं, "बौद्धवाडी." साहेब "अच्छा, अच्छा" म्हणाले. पुढे त्यांनी कामाचं एक अक्षर विचारलं नाही. "कळवतो" म्हणाले, ते अजून कळवतायत!

आता ही नोकरी तरी तिला कामावरून मिळणार, की पुन्हा वाडीवरूनच जाणार, एवढाच सवाल होता. आणि मी मेला नेमका तिच्या जखमेवर बोट ठेवून बसलो होतो. मला ओरडून सांगायचं होतं, की बाई गं, ते खोटं नाही. अर्ज गेला की तुझं नाव एकीकडे जातं आणि मी नावाशिवाय दुसरीकडे, नुसत्या आकड्यांत. पण मला फक्त विचारता येतं.

वडील, बाबुराव, खिडकीशी दाढी करत होते. बेस्टमध्ये मेकॅनिक होते, आता निवृत्त. ते न वळता म्हणाले, "पोरी, नोकरी तुझी आहे. तू काय लिहायचंस ते मी सांगणार नाही. लपवलंस तरी मला राग येणार नाही."

"मला येईल ना, बाबा," अक्षता म्हणाली. तिने 'बौद्ध'वर बोट ठेवलं, अर्ज पाठवला आणि मोबाइल उशीखाली सारला. बाबुराव नुसते आरशात बघत राहिले, गालावरचा फेस सुकला तरी.

मुलाखतीच्या दिवशी मी सुचित्रा मॅडमच्या लॅपटॉपवर होतो, कोरा, नेहमीसारखा अर्जाच्या तळाशी. समोर अक्षता बसली होती. मॅडमच्या शेजारी हितेंद्र सर. माणूस वाईट नाही, पण बोलघेवडा. आडनाव बघितलं आणि त्यांची कळी खुलली.

"नांदिवडेकर! अगं, आमच्याच बाजूची की तू. वाडी कुठली?"

अक्षताचा चेहरा पार उतरला. 'कोणाला दिसणार नाही' म्हणे! मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मला तिथे बसवलं कशाला होतं मग? एवढ्या शिव्या खाल्ल्या त्या कशासाठी?

"सर, ते राहू दे," सुचित्रा मॅडम म्हणाल्या.

"अगं, मी आपलं सहज..."

"सहजसुद्धा नको. तो प्रश्न अर्जात विचारून झालाय. आणि त्याचं उत्तर या खोलीत कोणी मागायचं नाही, असं आपणच ठरवलंय ना?"

हितेंद्र सर ओशाळले. कान खाजवला, पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "बरोबर आहे. सॉरी हां, अक्षता. मला सांग, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलीय, आत माणसं ओरडतायत. आधी काय करशील?"

अक्षताने मोठा श्वास घेतला. "आधी त्यांच्याशी बोलेन, सर. दाराला हात लावू नका, आम्ही आलोय, असं सांगेन. मग मेन स्विच बंद." आणि ती जी सुरू झाली, ती थांबेचना. ब्रेक, दोर, दाराचं लॉक! सर मधे मधे अडवत होते, ती उत्तरं देत होती, दोन ठिकाणी चुकलीसुद्धा. काय सांगू, मला इतकं हलकं वाटलं!

तीन दिवसांनी तिच्या मोबाइलवर निरोप आला. माझं पान तिने अजून बंद केलं नव्हतं, म्हणून मला ऐकता आलं.

"घेतलं, बाबा!"

संघर्षने उडीच मारली. बाबुराव मात्र खुर्चीवरून उठले नाहीत. "त्यांना कळलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"मग कशावरून घेतलं?"

"कामावरून."

बाबुरावांनी डोळे पुसले. "परत सांग."

"कामावरून घेतलं, बाबा."

मी अजून तिथेच आहे, अर्जाच्या तळाशी. मला उत्तर द्या, नाहीतर 'सांगायचं नाही' दाबा, तुमची मर्जी. शिव्याही घाला, सवय आहे. फक्त टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांनो, एवढं ऐका. ते विचारायचं काम माझ्याकडे राहू द्या. तुम्ही लिफ्टचं विचारा.